रिकाम्या हातांचे अवधान

लक्ष जाते, लक्ष वेधले जाते, लक्ष उडते. या सगळ्या क्रिया आपल्या परवानगीवाचून घडू शकतात, पण अवधान मात्र द्यावे लागते, आणि जे द्यावे लागते ते कोणाला हिसकावून घेता येत नाही. ज्ञानेश्वर महाराज नवव्या अध्यायाच्या दारात उभे राहून श्रोत्यांपाशी तप मागत नाहीत, पांडित्य मागत नाहीत, दक्षिणा तर नाहीच. ते फक्त अवधान मागतात आणि त्याच्या मोबदल्यात सर्व सुखाची पात्रता देऊ करतात. एवढ्या मोठ्या देण्याच्या बदल्यात एवढेच का मागितले, हा प्रश्न मी वर्षानुवर्षे मनाशी घोळवीत आलो आहे. त्याचे एक उत्तर मला अशा ठिकाणी दिसू लागले आहे की जेथे कीर्तनाचा टाळ कधी वाजला नसेल. ते ठिकाण म्हणजे विमानाचे कॉकपिट, जेथील बहुतेक सगळे काम यंत्राने आपल्याकडे घेतले आहे आणि माणसाकडे अवधान तेवढे उरले आहे.

दूर कशाला जायचे? आपल्या गोंदियापासून थोड्याच अंतरावर, कामठ्याजवळ, बिरसीची धावपट्टी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४० साली, इंग्रजांनी ती बांधली. युद्ध सरले, आणि पुढे कितीतरी वर्षे भोवतीच्या बांध्यांमध्ये धानाचे रोवणे होत राहिले, पट्टी मात्र निजलेलीच होती. प्रफुल्ल पटेल केंद्रात नागरी विमान वाहतूक खाते सांभाळीत असताना तिला जाग आली, आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण व कॅनडाची सीएई यांच्या भागीदारीतून येथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था उभी राहिली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून मुले-मुली येथे येतात, डायमंड कंपनीच्या डीए-४० या एका इंजिनाच्या विमानावर आणि पुढे डीए-४२ या दोन इंजिनांच्या विमानावर हात बसवतात, आणि व्यावसायिक परवान्यासाठी लागणारे २०० तास एकेक करून जोडतात; त्यांतले १०० तास तर असे की विमानाची सारी जबाबदारी त्यांच्या एकट्याच्या शिरावर असते. हे काम जिवाशी खेळण्याचे आहे, हे आपल्या भागाला कोणी सांगायला नको. २०२३ च्या मार्चमध्ये बिरसीहून निघालेले एक प्रशिक्षण विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील डोंगरात कोसळले आणि शिकवणारा व शिकणारी, दोघेही गेले.

नवख्या वैमानिकाच्या अंगवळणी सर्वांत आधी काय पाडावे लागते? डोळा फिरता ठेवणे. समोर पडदे असतात, त्यांवर वेग, उंची, दिशा आणि विमानाचा कल दाखवणारे कृत्रिम क्षितिज असते, आणि नव्या माणसाची खोड अशी की उंची जरा ढळली की तो उंचीच्याच आकड्याला डोळे खिळवून बसतो; तो आकडा जागेवर येईपर्यंत वेग ढळलेला असतो, वेग सावरेपर्यंत दिशा गेलेली असते. म्हणून त्याला शिकवतात की क्षितिजावरून वेगाकडे जा आणि क्षितिजावर परत ये, क्षितिजावरून उंचीकडे जा आणि पुन्हा परत ये. अवधानाचा पहिला पदर येथे उलगडतो. आपण समजतो की अवधान म्हणजे एका जागी खिळणे. खरे तर खिळलेला डोळा आंधळ्याइतकाच बेसावध असतो, आणि अवधान नांदते ते परत येण्यात. नामस्मरण करणाऱ्याला हे निराळे सांगावे लागत नाही. मन भटकले म्हणून कोणाचे स्मरण मोडत नाही, ते परतायचे राहिले म्हणजे मोडते.

आता दुसरा पदर, आणि तो अधिक चिवट आहे. जून १९१४ मध्ये पॅरिसजवळ सीन नदीच्या काठी लॉरेन्स स्पेरी नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने जमलेल्या लोकांच्या डोक्यांवरून विमान नेले आणि दोन्ही हात वर करून दाखवले. त्याचा मेकॅनिक तर पंखावर चालत गेला, आणि तरीही आतल्या फिरत्या भोवऱ्यांनी, ज्यांना जायरोस्कोप म्हणतात, विमान समतल राखले. त्या दिवशी वैमानिकाचे हात मोकळे झाले ते आजतागायत मोकळेच होत आले आहेत. आजचे प्रवासी विमान जमीन सोडून थोडे वर गेले की ऑटोपायलट लावतात आणि उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यापर्यंत बहुधा तोच विमान नेतो. वैमानिक त्याला उंची सांगतो, वेग सांगतो, वाट सांगतो, आणि पडद्याच्या माथ्यावर उमटणाऱ्या इवल्याशा अक्षरांवरून यंत्राने आपले सांगणे कोणत्या अर्थाने घेतले आहे ते वाचतो. ती अक्षरे बदलली की बदल मोठ्याने उच्चारायचा, अशी शिस्त आहे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, काय हे सुख! काम यंत्राचे, पगार माणसाचा.

परंतु ज्याने कधी डोळे मिटून पाव तास नुसते बसून पाहिले आहे, त्याला हे सुख किती कठीण आहे ते ठाऊक आहे. हातात माळ असली, टाळ असला, जाते असले, की मनाला धरायला काहीतरी असते. हात रिकामे झाले की मनही सुटते. महायुद्धात रडारच्या पडद्यापुढे तासन्‌तास बसणाऱ्या माणसांच्या नजरेतून शत्रूच्या खुणा सुटतात, असे इंग्रजांच्या ध्यानी आले, तेव्हा नॉर्मन मॅकवर्थ या संशोधकाने एक साधे घड्याळ केले. त्याचा काटा सेकंदाला एक घर पुढे सरके आणि क्वचित केव्हातरी दोन घरे उडी मारी, आणि समोरच्याने तेवढी उडी टिपायची. अर्धा तास उलटला की चांगली धडधाकट, इमानदार माणसेही उड्या चुकवू लागत. मॅकवर्थने हे १९४८ साली प्रसिद्ध केले. म्हणजे ज्या युद्धात आपल्या बिरसीची पट्टी अंथरली गेली, त्याच युद्धात माणसाला हेही कळले की करण्यासारखे काही नसताना जागे राहणे हे करण्याहून जड आहे. १९८३ साली लिझान बेनब्रिज या विदुषीने या विषयावर एक छोटासा लेख लिहिला, आणि त्यातला तिचा विचार मला उपनिषदाच्या तोडीचा वाटतो: यंत्राकडे जितके अधिक काम सोपवावे, तितके उरलेले माणसाचे काम अधिक मोलाचे आणि अधिक अवघड होत जाते, कारण सोपे ते यंत्राने नेलेले असते आणि जे कोणालाच सोडवता आले नाही ते माणसाच्या पदरी राहते.

आपल्याकडचा धानकरी हे जाणतो. बांधीत पाणी एकदा भरले की ते आपसूक उभे राहते, त्याला धरून ठेवावे लागत नाही. तरीही तो रात्री बॅटरी घेऊन धुऱ्यावरून फिरतो, कारण खेकड्याने एक बीळ पाडले की सकाळपर्यंत बांधी कोरडी. त्या फेरीत बहुतेक रात्री काहीच सापडत नाही, आणि काही सापडले नाही म्हणून फेरी वाया गेली असे तो कधी म्हणत नाही.

न सापडलेल्या बिळाची किंमत काय असते, ते १४ फेब्रुवारी १९९० रोजी बंगळूरला दिसले. इंडियन एअरलाइन्सचे मुंबईहून निघालेले एअरबस ए-३२० विमान उजेडी दुपारी उतरत होते. या जातीची विमाने आपल्या देशात येऊन थोडेच महिने झाले होते. कॉकपिटमध्ये दोघेही कॅप्टन, एक दुसऱ्याची परीक्षा घेणारा. यंत्रात काही मोडले नव्हते. त्याला जी अवस्था लागलेली होती तिच्या नियमाप्रमाणे त्याने इंजिने मंद ठेवून विमान खाली नेले, वेग उतरत गेला, आणि तो उतरतो आहे हे दोघांच्या ध्यानी फार उशिरा आले. या विमानात यंत्र इंजिनांची ताकद कमीजास्त करते तेव्हा वैमानिकाच्या हाताखालचा दांडा हलत नाही, जागच्या जागी राहतो; हात दांड्यावर असूनही हाताला काही सांगितले जात नाही, डोळ्यालाच सारे वाचावे लागते. धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर विमान आदळले आणि १४६ जणांपैकी ९२ जण गेले. त्या दोघांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. आकाशात हजारो तास काढलेली माणसे होती ती. मला एवढेच दिसते की कौशल्य आणि अवधान ही दोन निराळी धने आहेत, आणि पहिले गाठीला असूनही दुसरे क्षणभर रिते होऊ शकते.

तिसऱ्या पदराकडे येऊ. कॉकपिटमध्ये माणसे दोन असतात, आणि प्रत्येक फेरीपूर्वी त्यांच्यात कामाची वाटणी होते: एक विमान उडवणारा, पायलट फ्लाइंग, आणि दुसरा लक्ष ठेवणारा, पायलट मॉनिटरिंग. पूर्वी या दुसऱ्याला ‘न उडवणारा’ असे म्हणत, जणू त्याचे काम म्हणजे कामाचा अभाव. पुढे विमानविद्येतील जाणत्यांना कळले की जो नुसता पाहतो त्याच्या पाहण्यावरच पुष्कळ अवलंबून आहे, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हे नाव बदलले. नावाने माणूस बदलतो असे नाही, परंतु ज्याला रोज ‘तू न करणारा’ म्हणून हाक मारली त्याच्याकडून अवधानाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

मुंडक उपनिषदातले दोन पक्षी येथे आठवल्यावाचून राहत नाहीत: एकाच झाडावर, एकमेकांचे सखे, एक फळ खातो आणि दुसरा न खाता पाहतो. साक्षित्वाचे इतके नेटके चित्र दुसरे नाही, आणि कॉकपिटमधली ती दोन आसने पाहिली की वाटते, ऋषींनी हे झाड पाहिले असते तर ओळखले असते. पण एका ठिकाणी हे दोन साक्षी वेगळे होतात, आणि ती जागा नीट पाहण्याजोगी आहे. उपनिषदातला पाहणारा पक्षी बोलत नाही, त्याचे पाहणेच पुरेसे असते. कॉकपिटमधल्या साक्षीला बोलावे लागते. वेग ठरलेल्या आकड्याखाली गेला की त्याने ‘स्पीड’ म्हणायचे, आणि समोरच्याने ऐकले नाही तर पुन्हा म्हणायचे, आणि तरीही काही झाले नाही तर ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणून विमान आपल्या हाती घ्यायचे. हे लिहायला सोपे आहे. डावीकडच्या आसनावर वीस वर्षांचा अनुभव असलेला कॅप्टन आहे, उजवीकडे परवा बिरसीहून शिकून निघालेली, बावीस-तेवीस वर्षांची फर्स्ट ऑफिसर आहे. घरी तिला थोरांच्या पुढे उलट बोलू नये असे शिकवले आहे, आणि ते शिकवणे काही वाईट नव्हते. तिच्या तोंडून ‘सर, स्पीड’ एवढे दोन शब्द वेळेवर बाहेर पडणे, हे तिच्या शिक्षणाचे सर्वांत कठीण फळ आहे. समर्थांनी दासबोधात थोर पुरुषाच्या कर्तव्यांत हरिकथानिरूपणानंतर राजकारण धरले आणि त्याच्या लगोलग सावधपण धरले, तेही सर्व विषयांतले. मला वाटते, ज्या सावधपणाला वाचा नाही ते समर्थांनी मान्य केले नसते. आणि ज्या कॅप्टनला तिचा ‘सर, स्पीड’ ऐकून अपमान न वाटता हायसे वाटते, त्याचेही अवधान तेवढेच मोठे. देणाऱ्याइतकीच घेणाऱ्याची पात्रता लागते, म्हणून तर माउलींनी पात्रतेचा शब्द काढला.

माणूस आणि यंत्र यांच्या या नात्याचा विचार करताना मला आपल्या पिढीच्या बाळपणातल्या गोष्टी आठवतात. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, आणि १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा आली, जिच्यावर लेखक म्हणून नारायण विनायक जगताप असे नाव होते. ती जयंत नारळीकरांची निघाली. पुढे त्यांनी ‘वामन परत न आला’ ही कादंबरी लिहिली, तिच्यात जमिनीत खोल सापडलेल्या प्राचीन ज्ञानावरून घडवलेला यंत्रमानव आपल्यासारखेच आणखी घडवू पाहतो. ती वाचून आम्ही मुले घाबरलोही आणि भुललोही. त्या वयात यंत्राविषयी दोनच कल्पना मनात येत: ते आज्ञाधारक गडी होईल, किंवा उलटून धनी होईल. यंत्र शेवटपर्यंत आज्ञेत राहील आणि आज्ञा करणाराच पेंगेल, अशी गोष्ट आम्ही ऐकली नव्हती, आणि कॉकपिटमध्ये आली ती नेमकी हीच.

नारळीकरांनी निवडलेले वामन हे नाव मात्र माझ्या मनातून गेले नाही. वामनाने तीन पावले मागितली. कॉकपिटने पहिल्या पावलात आपले हात दिले, ते स्पेरीच्या दिवसापासून. दुसऱ्या पावलात माणसे दिली: पूर्वी लांबच्या विमानात वाट काढणारा नॅव्हिगेटर असे, रेडिओवाला असे, इंजिनांकडे पाहणारा फ्लाइट इंजिनिअर असे, आणि ही सगळी पदे एकेक करून यंत्राच्या पायाखाली गेली; ज्यांची नोकरी त्यात गेली त्यांनी ती कोणत्या मनाने सोडली असेल, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. आता तिसरे पाऊल मागितले जात आहे, की प्रवासाच्या मधल्या निवांत वेळी एकच वैमानिक बसावा आणि दुसऱ्या आसनाचे अवधान यंत्राने पुरवावे. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने याचा अभ्यास करवला आणि २०२५ मध्ये निष्कर्ष आला की आजच्या कॉकपिटमध्ये दोन माणसांइतकी सुरक्षितता एकाने साधेल असे दाखवता येत नाही. माझ्यापुरते मी म्हणेन, हे पाऊल देऊ नये. कारण हात देता येतात, पदे देता येतात, पण अवधान हे दिले तरी देणाऱ्यापाशीच राहणारे धन आहे, ते काढून दुसऱ्याच्या खाती जमा करता येत नाही.

आणि बळीची कथा तेथे संपतही नाही. दिवाळीच्या पाडव्याला ज्याचे राज्य यावे म्हणून आपण मागणे मागतो, त्या बळीने सर्वस्व दिले, आणि भागवत सांगते की घेणारा विष्णू मग सुतलात त्याच्या दारी द्वारपाल होऊन उभा राहिला. यंत्रही आज कॉकपिटच्या दारी असाच पहारा करते. जमीन जवळ आली तर ओरडते, वेग पडला तर ओरडते. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे रिओहून पॅरिसला निघालेले विमान अटलांटिकवर असताना वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ धरला, ऑटोपायलट सुटला, आणि तेथून समुद्रापर्यंत साडेचार मिनिटेही लागली नाहीत. पंखांची उचल सुटून विमान ‘स्टॉल’ झाले आहे ही सूचना त्या अवधीत ७५ वेळा वाजली. तिन्ही वैमानिक जागे होते, धडपडत होते, परंतु अचानक हाती आलेल्या विमानाचे काय झाले आहे हे त्यांच्या मनाला उमजले नाही, आणि २२८ जीव गेले. द्वारपाल हाका मारीत होता. त्या हाकेचा अर्थ लावील असे अवधान हाकेच्या आधीपासून तेवत असावे लागते. ते हाकेसरशी पेटत नाही.

मग ते तेवत राहावे कशाने? येथे शास्त्र फार साधे बोलते. गीतेचा सहावा अध्याय सांगतो की योग अतिनिद्रेला साधत नाही आणि अतिजागरालाही साधत नाही. झोप आणि जागृती दोन्ही मापात हवीत. आपल्या डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, नवे नियम याच अध्यायावरचे भाष्य वाटावेत असे आहेत: आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, आणि मध्यरात्र ते सकाळी सहा या काळात एका वैमानिकाला किती वेळा विमान उतरवायला लावावे ती मर्यादा दोनवर आणली. डिसेंबर २०२५ मध्ये या नियमांना पुरेल असे वैमानिकांच्या पाळ्यांचे रोस्टर इंडिगो कंपनीला लावता आले नाही, हजारो फेऱ्या रद्द झाल्या, विमानतळांवर लोक तळमळत बसले, आणि कंपनीला काही काळ सवलत द्यावी लागली. प्रवाशांचे हाल खरे होते. तरीही मला असे वाटते की त्या दिवसांत देशाने पहिल्यांदाच वैमानिकाच्या झोपेकडे त्याची खासगी चैन म्हणून न पाहता आपल्या गरजेची वस्तू म्हणून पाहिले. थकलेल्या माणसाकडून तास वसूल करता येतात, सह्या करून घेता येतात, गणवेश अंगावर चढवता येतो. अवधान मात्र त्याच्याकडे उरलेलेच नसते, तर तो देणार कोठून?

गेल्या काही वर्षांत बिरसीवरून आपल्याही घरची माणसे उडू लागली. १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोने गोंदियाहून हैदराबादमार्गे तिरुपतीची सेवा सुरू केली, तेव्हा बालाजीच्या दर्शनाला रेल्वेने जाणारी कुटुंबे त्यात बसली. मागे ती हात जोडून बसतात, पुढे दोघे आपली वाटणी करतात. छोट्या मार्गांवरच्या एटीआर ७२ सारख्या पंख्याच्या विमानात ऑटोथ्रॉटल नसतो, इंजिनांची ताकद वैमानिकाच्या हातानेच कमीजास्त होते, आणि मला त्यात एक समाधान वाटते, की हाताला धरायला अजून काहीतरी उरले आहे. या दोघांतली वाटणी कायमची नसते. उपनिषदातल्या पक्ष्यांनी आपल्या जागा कधी बदलल्या नाहीत. हे दोघे बदलतात. बहुधा जातानाची फेरी एकाची असते, येतानाची दुसऱ्याची. ज्याने जाताना विमान उडवले तो येताना पाहतो, आणि ज्याचे पाहणे जाताना आपल्याला सांभाळीत होते त्याला आता आपण सांभाळायचे आहे हे त्याला ठाऊक असते, म्हणून तो इवली अक्षरे बदलताच ती मोठ्याने वाचतो, आणि शेजारचा, मग तो वीस वर्षांच्या अनुभवाचा कॅप्टन असो की परवाची शिकाऊ मुलगी, ‘चेक्ड’ म्हणून ते वाचन स्वीकारतो.